आनंदाचीही धास्ती

गंगापूर रोड, सकाळी साडेसात

त्या सकाळचं मला शेवटचं आठवतं ते हॉर्न. जानेवारीतली थंडी होती, गाडीच्या काचेवर धुकं साचलं होतं. मी डाव्या सीटवर आणि स्टिअरिंगवर शेख बाई.

मी ड्रायव्हिंग शिकवते, तेही बहुतेक बायकांना. शिकवायच्या गाडीत डावीकडेही एक ब्रेक असतो. गेली बारा वर्षं माझा दिवस त्या ब्रेकवर पाय ठेवूनच सुरू होत होता. शेख बाई सदुसष्ट वर्षांच्या. नांदगावला मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा गेल्यावर त्या नाशिकला मुलाकडे राहायला आल्या. त्यांचा माझ्याकडचा तो अकरावा दिवस होता.

एक मोटरसायकल डावीकडून माझ्या काचेला घासून पुढे घुसली आणि अगदी कानाशी हॉर्न वाजला. मी दचकले. त्या माणसाला चार शब्द सुनावायला काच खाली करू लागले. त्यापुढचं मला माहीत नाही, ते बाईंनी सांगितलं.

"मॅडम आता ओरडतील म्हणून मी वाट बघत होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही ओरडला नाहीत, तेव्हाच मला शंका आली."

त्यांनी बाजूला पाहिलं तर माझं डोकं काचेवर कललेलं, डोळे अर्धवट उघडे. बाईंनी आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, थांबवली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला आणि चारही दिवे लुकलुकत ठेवले. मी शिकवलं होतं अगदी त्याच क्रमानं. मग वळसा घालून माझ्या बाजूला आल्या, दार उघडलं, पट्टा सोडवला आणि मला हलवून हाका मारत राहिल्या.

मी डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा समोर होता. वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात त्यांनी विचारलं, "नाव सांगा तुमचं."

"कविता."

"वार कोणता आज?"

"बाई, वळवताना आरसा बघितला होता का?"

"बघितला होता. चला आता दवाखान्यात."

मी नको नको म्हणत होते. उपाशीपोटी निघाले म्हणून चक्कर आली असेल, पुढची बॅच वाट बघत असेल. त्यांनी काही ऐकलं नाही. गाडीला कुलूप घातलं, रिक्षा थांबवली आणि मला दंडाला धरून आत बसवलं. वाटेत त्या शांतपणे बाहेर बघत होत्या. मला आठवतं, मला त्यांच्या त्या शांतपणाचा थोडा रागच आला होता. आपण इथे मरायला टेकलोय आणि या बाईला काही वाटतच नाही, असं.

ताट पडलं

दवाखान्यात ईसीजी काढला, पुन्हा काढला. डॉक्टर पस्तिशीचे असतील. कागद हातात धरून त्यांनी विचारलं, "घरात कुणी तरुणपणी, अचानक गेलंय का?"

माझा मामा एकोणतिसाव्या वर्षी गेला. दिवाळीत फटाका जवळ फुटला आणि तो अंगणातच कोसळला. 'धक्क्यानं गेला' एवढंच आम्ही म्हणायचो. मी ते सांगितल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मला आयसीयूत ठेवून घेतलं.

आयसीयूत दिवस कळत नाही. चारला ब्लड प्रेशर, सहाला चहा, सातला अंग पुसणं, मग राउंड. शेजारच्या मशीनचा टिक टिक आवाज आधी नकोसा होतो, मग त्याचीच सोबत वाटते. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण वाटणाऱ्या मावशींच्या हातून स्टीलचं ताट फरशीवर पडलं. तो आवाज मी ऐकला. नंतर डोळे उघडले तेव्हा छातीत आग होत होती आणि अंगावर चार माणसं वाकलेली होती.

"आलात परत," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. मला शॉक देऊन परत आणलं होतं.

संध्याकाळी त्या मावशी पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभ्या राहिल्या. "ताई, माझ्यामुळं झालं हो," म्हणून रडायला लागल्या. मी त्यांना म्हणाले, "मावशी, घरी कुणाच्या हातून भांडं पडलं असतं तर मी उरले नसते. इथं पडलं ते बरंच झालं." तेव्हा मी समजूत काढायला म्हणाले होते. आज मला ते खरंच वाटतं.

डॉक्टरांनी मला आणि प्रमोदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, एकत्र बसवून सांगितलं. "हृदय धडधाकट आहे. दोष त्याच्या वायरिंगमध्ये आहे. तुम्ही एकदम दचकलात, फार संतापलात, घाबरलात, की ठोक्यांची लय कोसळू शकते. छातीत एक यंत्र बसवू. लय कोसळली तर ते आतूनच शॉक देईल. शिवाय रोज गोळ्या घ्याव्या लागतील."

"आणि फार आनंद झाला तर?" प्रमोदनं विचारलं.

"हृदयाला तो फरक कळत नाही," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी सहज सांगितलं असेल, पण घरी येताना आम्ही ते वाक्य बरोबर घेऊन आलो. डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत काडेपेटीएवढं यंत्र आलं. सहा महिने गाडी चालवायची नाही आणि शिकवायचीही नाही. निघता निघता डॉक्टर म्हणाले, "मुलीचा ईसीजी करून घ्या. आईकडून मुलांना हे येऊ शकतं."

दबक्या पावलांचं घर

प्रमोद एकलहऱ्याला वीज केंद्रात पॅनलवर बसतो. काटा कुठे सरकतोय, दिवा कुठला लागलाय, हे बघत राहणं हेच त्याचं काम. घरी आल्यावर तो माझ्याकडे तसंच बघायला लागला. दाराची बेल त्यानं काढून टाकली. फोन मुके केले. कुकर माळ्यावर गेला, भात पातेल्यात शिजू लागला. वरच्या मजल्यावर जाऊन तो पाट्यावरवंट्याबद्दल बोलून आला. मिक्सर लावायचा तर तो आधी येऊन सांगायचा, "आता लावतोय हं. तीन, दोन, एक."

आमची मुलगी ऋतुजा तेव्हा सोळा वर्षांची, अकरावीत. खो-खो खेळायची. ही पोर चालत कधी आलीच नाही, कायम धावत यायची. तीसुद्धा घरात चवड्यांवर चालायला लागली. तिचा ईसीजी राहूनच गेला. मी जरा उभी राहते, मग जाऊ, असं मीच म्हणाले. खरं कारण सांगते, मला तो कागद बघायचा नव्हता.

घरी येऊन अकरा दिवस झाले असतील. संध्याकाळी साडेपाचला मी ओट्याशी मेथी निवडत होते. दार उघडंच होतं. ऋतुजा सरावावरून आली, सगळं विसरून धावत आत आली आणि मागून मिठी मारून ओरडली, "मम्मी!"

आतून घोड्यानं लाथ मारावी तसं झालं. छातीतून, दातांतून, बोटांतून काहीतरी गेलं. मी खाली बसले ते कळलं नाही. मेथी सगळीकडे उडाली होती. शुद्ध गेली नव्हती, पण ते जास्त वाईट होतं. ऋतुजा फ्रिजला पाठ लावून उभी होती. दोन्ही हात तिनं तोंडावर घट्ट दाबले होते. रडण्याचा आवाज होऊ नये म्हणून.

"काय सांगायला आली होतीस?" मी थोड्या वेळानं विचारलं.

"काही नाही. भूक लागली होती."

दवाखान्यात यंत्र तपासलं. यंत्रानं त्याचं काम चोख केलं होतं. शॉक बसला नसता तर मी मामाच्या वाटेनं गेले असते. डॉक्टरांनी ऋतुजाकडे पाहून विचारलं, "हिचा ईसीजी?"

तिथंच काढला. ते फार वेळ बघत राहिले. "काठावर आहे. यावरून हो किंवा नाही सांगता येणार नाही. दोघींचं रक्त तपासायला पाठवू. दीड-दोन महिने लागतील. तोवर हिचं धावणं, खेळणं बंद."

"ओके," ऋतुजा म्हणाली. वर्षभर मोजे वाळत घालण्यावरून माझ्याशी भांडणारी मुलगी फक्त 'ओके' म्हणाली.

तीन वह्या

यंत्र तपासणाऱ्या सिस्टरांनी मला एक वही करायला सांगितली. रोज काय वाईट झालं, काय चांगलं झालं, तेव्हा काय वाटलं, धडधड झाली का. ऋतुजा म्हणाली, "मग मी पण लिहिते. तू एकटीच का?" शेख बाई दर मंगळवारी मला भेटायला यायच्या, द्राक्षं घेऊन. त्यांना हे कळल्यावर त्याही म्हणाल्या, "टाचण काढायची सवय आहेच मला. मीही लिहिते."

एका मंगळवारी आम्ही वह्या बदलून वाचल्या. त्याआधीच्या शनिवारी शहरभर पाणी बंद होतं, तेव्हा तिघींच्याही वहीत तोच दिवस होता.

माझ्या वहीत होतं : 'पाणी नाही. प्रमोदनं आदल्या दिवशी सांगितलं नाही. भांडी तशीच. शेजारच्यांनी फाटकासमोर गाडी लावली. धडधड तीनदा. सगळे मुद्दाम करतात.'

ऋतुजाच्या वहीत : 'केस धुता आले नाहीत. आयुष्यातला सगळ्यात फालतू दिवस.' खाली दोन रेघा. त्याच पानावर दुसऱ्या शाईनं : 'सानिकाने कैरी आणली. तिखटमीठ लावून गच्चीत खाल्ली. कसलं भारी!!!'

बाईंच्या वहीत : 'पाणी आले नाही. खालून दोन बादल्या आणल्या. सूनबाईला बरे नव्हते, म्हणून वांगी मी केली. चांगली जमली. दुपारी उन्हात बसले.'

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. पोरीवर पाणी नसल्याचं आभाळ कोसळलं होतं आणि संध्याकाळी एका कैरीनं ते उचलून ठेवलं होतं. बाईंच्या दारात तीच अडचण आली आणि उंबरठ्यावरूनच परत गेली. माझ्याकडे मात्र ती आत येऊन बसली होती. शनिवारचा राग मी मंगळवारीही बाळगून होते.

बाई माझी वही गृहपाठ तपासावा तशी मागे मागे उलटत होत्या. "मॅडम, चांगलं काहीच घडलं नाही?"

"लिहायचं राहिलं."

"नऊ दिवस?"

मग मी खरं सांगून टाकलं. "चांगलं वाटायला लागलं की मीच थांबवते, बाई. कुणी हसायला लागलं की उठून दुसऱ्या खोलीत जाते. उगाच धडधड नको."

ऋतुजा वही मिटून उठली आणि आत गेली.

बाईंनी माझी वही मिटून परत दिली. मग म्हणाल्या, "माझं नेमकं उलटं झालंय. लहानसहान आनंद रोज होतात मला, वांगी जमली तरी होतो. पण पुण्यात मुलीला बाळ झालं, जावयाचा फोन आला, तेव्हा मी 'बरं झालं' म्हणाले आणि गॅसवरचं दूध बघायला गेले. काहीच उसळलं नाही आत. ते फार लागलं मला. म्हणून तुमच्याकडे आले. म्हटलं गाडी शिकताना तरी छाती धडधडेल."

"धडधडली?"

"पहिल्या दिवशी फर्स्ट गिअर टाकला तेव्हा. नंतर तुमची सवय झाली."

त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी हसले. लगेच हात खांद्याखाली गेला.

सरांचा फोन

मार्चच्या सुरुवातीला खो-खोच्या सरांचा मला फोन आला. "ताई, ऋतुजा सरावाला येत नाही. जिल्ह्याच्या संघात तिचं नाव आलंय. आजारी आहे का?"

"कधी आलं नाव?"

त्यांनी तारीख सांगितली. ती मला पाठ होती. मेथी उडाली तो दिवस.

ऋतुजा कॉलेजहून आली तेव्हा मी तिला समोर बसवलं. "हेच सांगायला आली होतीस?"

तिनं मान हलवली.

"मग नंतर का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? खेळायचं तर बंदच झालं." तिनं माझ्याकडे न बघता पुढचं सांगितलं, "आणि सांगायला गेले तर तू मेली असतीस. एकदा मीच मारलं असतं तुला."

ती महिनाभर हे एकटीच घेऊन फिरत होती. मी तिला जवळ घेतलं तर तिनं अंग आखडून घेतलं, माझ्या डाव्या बाजूला स्पर्श होऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. बाई आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "होईल नीट, मॅडम. अहवाल येईपर्यंत आपल्या हातात काय आहे?"

त्या 'काय आहे'नं माझं डोकं फिरलं. मी ओरडले नाही, कारण मला ओरडायची बंदी होती. हळू आवाजात, एकेक शब्द तोलून म्हणाले, "तुम्हाला काय, बाई. तुमचं जगून झालंय. तुमच्यापर्यंत काही पोहोचतच नाही. माझी पोर सोळा वर्षांची आहे."

बाईंनी पदर सावरला, पिशवी उचलली. दारातून म्हणाल्या, "द्राक्षं धुऊन घ्या."

पुढच्या मंगळवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

द्वारका चौकाजवळच्या फ्लॅटमध्ये

मी रिक्षा करून त्यांच्याकडे गेले. प्रमोद कामावर होता, मी त्याला विचारलंही नाही. दवाखान्यातून आल्यावर एकटीनं बाहेर पडण्याची ती पहिलीच वेळ. प्रत्येक हॉर्नला मी डोळे मिटत होते.

बाईंनी दार उघडलं. त्या वाळल्या होत्या. टेबलावर गोळ्यांचं पाकीट होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानं थांबवलं.

"तुमचा राग आला म्हणून मी थांबले नव्हते, मॅडम. तुम्ही म्हणालात त्यात काही खोटं नव्हतं. कुणी टाकून बोललं तर आता खरंच माझ्यापर्यंत येत नाही ते."

"मग?"

त्यांनी मला पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"तुम्ही गाडीत पडलात ना, तेव्हा माझे हात जरासुद्धा थरथरले नाहीत. काय करायचं ते समोर होतं, केलं. पण तुम्हाला आत नेलं आणि मी बाहेर बाकावर बसले. चार तास. प्रमोदराव आले तरी मला उठता येईना. आमच्या यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नांदगावहून इथे आणायचे मी. दोन वर्षं. तशाच बाकावर बसायचे. मॅडम, एखादी अडचण आली आणि गेली, तर आता मला काही होत नाही. पण संपतच नाही असं काही असलं ना, ते मला सोसत नाही. तरुणपणी सोसायचं. आता नाही." त्यांनी गोळ्यांच्या पाकिटाकडे बोट दाखवलं. "त्या दिवसापासून ब्लड प्रेशर वर गेलंय ते खाली येत नाही. तुमच्याकडे आले की ऋतुजा दिसते. अहवाल आला का, असं विचारायची हिंमत होत नाही. 'होईल नीट' मी तुम्हाला म्हणत नव्हते. स्वतःलाच म्हणत होते."

एवढे दिवस मी त्यांच्या शांतपणावर जळत होते आणि त्या माझ्या घरातून ब्लड प्रेशर वाढवून परत जात होत्या.

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्हाला दचकवायचं नव्हतं ना."

म्हणजे त्याही. नवरा, मुलगी आणि आता ही बाई, सगळे माझ्यापासून काही ना काही लपवत होते. आणि मला वाटत होतं की भीती फक्त मलाच वाटतेय.

निघताना मी म्हणाले, "मंगळवारी येऊ नका. मीच येईन. तुम्हाला ऋतुजा दिसणार नाही आणि मला दोन तास घर दिसणार नाही." त्यांना ते पटलं. दोन मंगळवार मी गेले. आम्ही अहवालाचं नाव काढलं नाही. त्यांनी मला उर्दू मुळाक्षरं लिहायला शिकवली आणि मी त्यांना आरटीओच्या परीक्षेचे प्रश्न विचारले.

सकाळी अकरा वाजता

एप्रिल लागला होता. प्रमोदची पहिली पाळी होती, तो तीनच्या आत कधी येत नाही. त्या दिवशी अकरा वाजता फाटक वाजलं. खिडकीतून बघितलं तर तो कामाच्या कपड्यांत, हेल्मेट हातात, वर येत होता.

मी समजले. चांगली बातमी असती तर त्यानं फोन केला असता.

तो आत आला आणि दार हळूच लावलं. "बस आधी."

"अहवाल आला?"

"बस म्हणतो ना. पाणी पी."

"प्रमोद, सांग."

"सांगतो. आधी शांत हो. श्वास घे. कविता, हात दे इकडे."

तो पाणी आणायला आत गेला. आणि मी उभी. ऋतुजाच्या छातीत पण यंत्र. सोळाव्या वर्षी. तिचे बूट दाराशी होते, दोन महिने कुणी न हलवलेले. कानांत ठोके ऐकू येत होते. आता बसणार, आता शॉक बसणार, असं मला वाटत होतं आणि बसला तरी चालेल, पण हे ऐकून झाल्यावर बसू दे, असंही वाटत होतं.

त्यानं पेला पुढे केला. पाणी फरशीवर सांडत होतं.

"तिला नाहीये," तो म्हणाला.

"काय नाहीये?"

"तुझ्यातला दोष. तिच्यात आलेलाच नाही. डॉक्टर म्हणाले, ईसीजी तसा येतो काहींचा. उद्यापासून पळू दे म्हणाले." मग घाईघाईनं, "हळूहळू घे हं. एकदम आनंद नको करूस."

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो माझ्या खांद्याकडे बघत होता. आम्ही दोघं तसेच उभे होतो, कुणी दार वाजवील म्हणून थांबल्यासारखे. पाच सेकंद, दहा सेकंद. छाती धाडधाड करत होती. काहीच झालं नाही.

मग मी ओरडले. तीन महिन्यांत पहिल्यांदा, पूर्ण आवाजात. "हे सांगायला तू एकलहऱ्याहून गाडी हाणत आलास? फोन होत नव्हता? चांगली बातमी आहे एवढे तीन शब्द होत नव्हते? माझा जीव जात होता इथे! पाणी पी म्हणे!"

"तुला धक्का बसू नये म्हणून..."

"मग हा काय होता?"

वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातून डोकावून गेल्या. प्रमोद सोफ्याच्या हातावर बसला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. "बोल," तो म्हणाला. "अजून बोल. किती दिवसांत ऐकलं नाही."

मी पाच-सात मिनिटं त्याला बोलले. बेल, कुकर, तीन-दोन-एक, सगळं काढलं. मग थकले आणि त्याच्या शेजारी बसून रडले. तेव्हाही काही झालं नाही.

बाईंना मी फोन केला. त्यांनी ऐकलं, "शुक्र आहे," म्हणाल्या, आणि मग पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. "मॅडम, धडधडतंय हो," त्या शेवटी म्हणाल्या.

आता

यंत्र अजून आहे, राहणार. जूनमध्ये एकदा पुन्हा शॉक बसला. भाजी घेऊन येताना, काही कारण नसताना. त्यामुळे गाडीचे सहा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजले. शेख बाईंना लायसन्स मिळालं आहे. त्यांचं ब्लड प्रेशर उतरलं, पण गोळी सुटली नाही.

ज्यांच्या घरी असं काही आहे त्यांना एवढंच सांगते. दुखणाऱ्या माणसाला धक्का नको म्हणून घरातली माणसं वाईट लपवतात, ते समजू शकतं. पण चांगलं लपवायला लागलात की थांबा. आमच्या घरात एका मुलीची निवड झाली आणि महिनाभर कुणी टाळी वाजवली नाही. ते मला भरून काढता आलेलं नाही. जिल्ह्याचा संघ तिच्याशिवाय खेळून आला. सगळ्यांना सारखं वाटत नसतं, हेही मला उशिरा कळलं. सोळाव्या वर्षी जे आभाळाएवढं असतं ते सदुसष्टाव्या वर्षी दिसतही नाही, आणि तिथे जे सोसवत नाही ते सोळाव्या वर्षाला कळणारही नाही. शांत दिसणाऱ्याला कधीतरी विचारावं, तुम्ही कसे आहात.

सप्टेंबरमध्ये ऋतुजाचा कॉलेजचा सामना होता. मी जाऊ का, असं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "गोळ्या घेताय ना? जा." प्रमोदनं रजा घेतली. बाई छत्री घेऊन आधीच येऊन बसल्या होत्या. प्रमोद माझ्या शेजारी बसला आणि काही न बोलता माझं मनगट धरलं, नाडीवर बोट ठेवून.

शेवटची दोन मिनिटं उरली होती आणि तीन गुण हवे होते. ऋतुजानं एकीला चौकात गाठलं, दुसरीला पाठलाग करून. शेवटची मुलगी चपळ होती, ती खांबाकडे पळाली. ऋतुजानं खांबाला धरून अंग झोकून दिलं आणि मातीत आडवी होत तिच्या टाचेला हात लावला. मी उठून उभी राहिले होते आणि ओरडत होते, काय ते मला ठाऊक नाही. छाती वाजत होती, अगदी कानांपर्यंत. शेजारी बाई छत्री आपटत होत्या. आणि माझ्या लक्षात आलं की माझं मनगट मोकळं आहे. प्रमोदला दोन्ही हात टाळ्यांसाठी लागत होते.